करोडगिरी

आजोबा करोडगिरीत चपराशी होते,
कायगाव टोक्याच्या नाक्यावर.
गोदावरीच्या अल्याड निजाम, पल्याड इंग्रज
आणि मधे आजोबा, हातात परखी.
पोत्यात खुपसायची, ओढायची, तळहातावर चार दाणे.
म्हणायचे, गाठोडं मंग सोडावं,
पयले माणसाचं तोंड बघावं.

मला तोंडं दिसत नाहीत.
चिकलठाण्याला पहाटे तीन चाळीसला
जेद्दाहून हाजींचं विमान उतरतं
आणि मी पडद्यापुढे बसते.
खजूर नारिंगी, साबण नारिंगी,
शेतात पिकलेलं, मागावर विणलेलं, सगळं नारिंगीच.
धातू निळा.
सोनं काळं दिसतं, हे घरी सांगितलं
तर सासूबाई अजून हसतात.

बॅगा येत राहतात.
तसब्यांचा ढीग, सांडलेल्या हरभऱ्यासारखा.
अत्तराच्या बाटल्या, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या.
जिंतूरच्या एका म्हाताऱ्याचा तवा,
जाताना नेलेला, तसाच परत आणलेला,
मधे काळा कुळकुळीत गोल.

मग एक रेक्झिनची बॅग.
दोन निळी पाती, एकमेकांत अडकलेली,
शेजारी एक बारीक ठिपका.
मी हात वर केला. पट्टा थांबला.

पुढे आल्या त्या पिशोरच्या जैबुन्निसाबी.
त्यांची बॅग तर आधीच निघून गेली होती.
हिच्या चिठ्ठीवर नाव शेख बाबन.
"कुणी दुसऱ्याने काही दिलंय का सोबत आणायला?"
रात्रीत तीनशे वेळा विचारते मी हे,
उत्तर ऐकायला न थांबता.
"हौ," त्या म्हणाल्या. "दिये ना."

चेन उघडली.
अडकित्ता. अर्धी कातरलेली सुपारी.
लुंगी, घडी न घातलेली.
चष्म्याचं घर, त्यात किराणा दुकानाच्या उधारीची चिठ्ठी.
आणि कानाचं मशीन.
ते चालूच होतं.
शीळ घालत होतं, बारीक,
लांब माळावर कुणी शेळ्या वळवतंय तशी.

"इतवार को, फजर के बाद.
वहींच मिट्टी दिये.
किस्मतवाले थे, बोलते सब."
किस्मतवाले, त्यांनी पुन्हा म्हटलं,
मलाच विचारल्यासारखं.

साहेबांनी कागद पुढे सरकवला.
"लिहा खंदारे, वापरलेलं सामान."
वापरलेलं, मी लिहिलं.
किमतीच्या रकान्यापाशी पेन अडलं.
साहेब म्हणाले, शून्य.
मी एक आडवी रेघ मारली.
आजोबांच्या वहीत अशा मालापुढे "माफ" असायचं,
उर्दूत. तेवढंच उर्दू त्यांना लिहिता यायचं.
ती वही आम्ही रद्दीत घातली.
आमच्या कागदावर तो रकाना नाही.

चेन लावली तरी शीळ येतच होती.
"बंद करू का?"
"मेरेको नै आता. वोच करते थे, सोते वखत."
मला येतं. वडलांचं तसलंच होतं,
नखाने झाकण उचकायचं, बस.
पण मी म्हटलं, दोन-तीन दिवसांत
सेल आपोआप संपेल.
"तो फिर रहने देव."

खडूने फुली मारली.
त्या ढकलगाडी रेटत गेल्या,
एक चाक करकरत होतं.
बाहेर जीपगाड्या, हार घेतलेली पोरं,
कुणाला तरी अजून सांगितलेलं नसणार.
आत पुढची बॅग आली. सगळी नारिंगी. जाऊ दिली.

सकाळी घरी चूळ भरताना
आठवायला गेले,
त्यांचं तोंड कसं होतं?
नाकात चमकी होती का?
रडल्या होत्या का?
अडकित्ता आठवला. त्याची मूठ मोराची होती.